खानदेशातील मोहाची दारू

मोह वृक्षाची वाळलेली फुले पाण्यात आंबवून व त्यांचे ऊर्ध्वपातन करून काढलेले मद्य. खानदेशात या मद्याचा इतिहास मुख्यत्वे भिल्ल, पावरा, मावची इ. आदिवासी जमातींशी आणि १८१८ नंतर ब्रिटिश सत्तेने लादलेल्या अबकारी व्यवस्थेशी निगडित आहे. खानदेश ही संज्ञा येथे जुन्या खानदेश जिल्ह्याच्या अर्थाने वापरली आहे. १९०६ मध्ये त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पूर्व खानदेश म्हणजे आजचा जळगाव जिल्हा. पश्चिम खानदेशास पुढे धुळे जिल्हा हे नाव मिळाले आणि १ जुलै १९९८ रोजी त्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. मोहाची दाट झाडी सातपुड्याच्या रांगांत, म्हणजे अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा, शहादा, शिरपूर, चोपडा, यावल व रावेर या तालुक्यांच्या उत्तर भागात आणि नवापूर–साक्रीच्या डोंगराळ पट्ट्यात आढळते. तापीकाठच्या काळ्या जमिनीच्या कापूस व केळी पिकविणाऱ्या पट्ट्यात मोह विरळा असून तेथे शिंदीचे मद्य अधिक परिचित होते.

मोह (मधुका लाँगिफोलिया, कुल सॅपोटेसी) हा मोठा, दीर्घायुषी वृक्ष आहे. त्याची पाने माघ–फाल्गुनात गळतात आणि निष्पर्ण फांद्यांच्या टोकांस फुलांचे झुबके येतात. फुलांची मांसल, फिकट पिवळी पुष्पमुकुटे मार्च–एप्रिलमध्ये रात्रीच्या उत्तरार्धात गळू लागतात व पहाटे झाडाखाली त्यांचा सडा पडतो. बायका व मुले उजाडण्यापूर्वीच टोपल्या घेऊन ती वेचतात, कारण ऊन चढल्यावर फुले सुकतात आणि जनावरेही ती खातात. वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा अगोदरच जाळून वा झाडून जागा स्वच्छ केली जाते. वाळल्यावर ही फुले मनुकांसारखी तांबूस व चिकट होतात. त्यांच्या शुष्क वजनाच्या निम्म्याहून अधिक भाग शर्करेचा असतो. त्यामुळे मोहफूल हे केवळ दारूचे साधन नव्हे, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. ते शिजवून, भाजून, भाकरीच्या पिठात मिसळून खाल्ले जाते. दुष्काळात डोंगरातील कुटुंबांनी त्याच्यावर दिवस काढले आहेत. बियांपासून तेल निघते आणि पेंडीचाही उपयोग होतो. अबकारी कायद्याच्या प्रत्येक वादात हा मुद्दा पुन्हा पुन्हा उपस्थित झाला.

दारू काढण्याची घरगुती पद्धत सर्वत्र जवळजवळ सारखीच आहे. वाळलेली फुले मडक्यात पाण्यात भिजत घालतात. उन्हाळ्यात चार-पाच दिवसांत व हिवाळ्यात आठवड्याहून अधिक काळात ती आंबतात. या आंबलेल्या द्रवास ‘सडवा’ म्हणतात. पोलिसांच्या पंचनाम्यांत व वृत्तपत्रांत तोच ‘कच्चे रसायन’ या नावाने येतो. किण्वनासाठी बाहेरून काही घालण्याची गरज पडत नाही, कारण फुलांवरच नैसर्गिक यीस्ट असते. आधीच्या वेळचा थोडा गाळ मडक्यात राहू दिल्यास काम लवकर होते. सडवा तयार झाला की मडके चुलाण्यावर चढवून त्याच्या तोंडावर दुसरे भांडे उपडे ठेवतात व सांधे मातीने लिंपतात. वाफ बांबूच्या नळीने थंड पाण्यात ठेवलेल्या दुसऱ्या मडक्यात नेली जाते. भट्टी ओढ्याच्या काठी लावण्याचे हेच कारण होय. पुढील काळात आडोसा हेही दुसरे कारण त्यास जोडले गेले.

प्रथम उतरणारे मद्य सर्वांत कडक असते. ‘पहिल्या धारेची’ हा मराठीत सर्वसामान्यपणे रूढ झालेला शब्दप्रयोग या क्रियेतूनच आला आहे. नंतरच्या धारा उत्तरोत्तर सौम्य होत जातात. जाणता मनुष्य कडक व सौम्य धारा एकमेकींत मिसळून हवे ते मिश्रण साधतो. मोहाच्या दारूची खरी चव या मिसळण्यात ठरते, असे म्हणावयास हरकत नाही. थोडी दारू निखाऱ्यावर टाकून ती पेटते किंवा नाही, यावरून तिचा जोर पाहतात. एकदाच ऊर्ध्वपातित केलेल्या मोहाच्या दारूत मद्यार्काचे प्रमाण सामान्यतः २० ते ४० टक्क्यांच्या दरम्यान असते. ती स्वच्छ पाण्यासारखी दिसते. तिला फुलांचा व किंचित धुराचा वास असतो आणि परक्या माणसास तो प्रथम उग्र वाटतो. पळसाच्या पानांच्या द्रोणातून ती घेण्याचा प्रघात होता. पाहुण्यास निर्भेळ व पहिल्या धारेची द्यावी, घरच्यांनी पाणी घालून किंवा शेवटच्या धारेची घ्यावी, असा साधा शिष्टाचार असे. सोबत भाजलेले हरभरे किंवा सुकी मासळी चाले. शहरी कलालांच्या व पारशी दुकानदारांच्या हाती हेच मद्य पडले, तेव्हा त्यात बडीशेप, वेलदोडा, संत्र्याची साल, केशर यांसारखे पदार्थ घालून ‘मसाल्याची’ दारू करण्याची चाल पडली. तटस्थ मद्यार्कास वनस्पतींचा स्वाद देण्याची ही कृती यूरोपातील जिनच्या कृतीहून तत्त्वतः वेगळी नाही. तेथे ज्यूनिपरची फळे वापरतात, इतकेच.

आदिवासी जीवनात या दारूचे स्थान व्यसनाच्या कक्षेत मावत नाही. पिण्यापूर्वी पूर्वजांच्या व देवांच्या नावाने जमिनीवर थोडी धार सोडली जाते. लग्नाची बोलणी दारूवाचून पक्की मानली जात नसत. पंचांनी तंटा मिटविल्यावर दोन्ही पक्षांनी एकत्र पिणे ही निवाड्याची खूण असे व दंडाचा काही भागही याच रूपाने वसूल होई. पावरांची इंदल पूजा, होळीपूर्वीचे भोंगऱ्या बाजार, काठी (अक्कलकुवा तालुका) येथील राजवाडी होळी या प्रसंगी ती असे. पावसाळ्यात शेतात भिजून आलेल्या माणसास थंडी व हिवताप यांवर ती गुणकारी आहे, हा समजही दृढ होता. वैद्यकदृष्ट्या तो टिकण्यासारखा नाही. मात्र त्याच काळात त्याच तापाविषयी यूरोपीय अधिकाऱ्यांच्या समजुती याहून फारशा शास्त्रीय नव्हत्या.

खानदेशात सर्वच लोक मद्यपान करीत होते, असे मात्र नव्हे. मुक्ताईनगर (एदलाबाद) हे वारकऱ्यांचे महत्त्वाचे क्षेत्र असून माळकरी शेतकरी कुटुंबांत दारू निषिद्ध होती. यावल–रावेरकडील तडवी भिल्ल मुसलमान धर्मीय असल्याने त्यांच्यासमोर धर्माचा निषेध होता. भिल्लांतही दारू सोडलेल्या भगतांची परंपरा होती व पुढील घटनांच्या दृष्टीने ती महत्त्वाची ठरली.

पेशवाईच्या अखेरच्या वर्षांतील लुटालूट व दुष्काळ यांनी खानदेश उद्ध्वस्त झाला होता. १८१८ मध्ये कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळे येथे ठाणे केले, तेव्हा सातपुडा व सातमाळा या डोंगरांतील भिल्ल नाईकांवर ताबा मिळविणे हा त्याच्यापुढचा मुख्य प्रश्न होता. डोंगरात पाठविलेल्या नियमित फौजा भिल्लांपेक्षा तापानेच अधिक जेरीस आल्या. १८२५ मध्ये धोरण बदलले व लेफ्टनंट जेम्स ऊट्रम याने धरणगाव (जळगाव जिल्हा) येथे भिल्ल पलटण उभारण्यास प्रारंभ केला. आपण नाईकांसोबत एकटेच जंगलात गेलो, त्यांच्याबरोबर शिकार केली, पहाऱ्यावाचून त्यांच्यात राहिलो आणि ब्रँडी मुबलक पाजून त्यांची मने जिंकली, असे ऊट्रमने स्वतःच नमूद करून ठेवले आहे. भिल्लांच्या दृष्टीने ही कृती सहज समजण्यासारखी होती, कारण त्यांच्याकडे समेट असाच होई. राज्यसत्ता डोंगरात शिरली ती एकत्र बसून पिण्याच्या भिल्ल रिवाजाचा आधार घेऊन. पुढे पन्नास वर्षांनी याच राज्यसत्तेने भिल्लाच्या घरातील मडके गुन्ह्याचा मुद्देमाल ठरविले.

ऊट्रमच्या काळात हिवतापाचे कारण अज्ञात होते. दूषित हवेमुळे तो होतो, असा सार्वत्रिक समज होता. डासांचा संबंध रॉनल्ड रॉसने सिकंदराबाद येथे १८९७ मध्ये दाखविला. नवापूर, तळोदा व अक्राणी हे भाग परक्या माणसास मारक म्हणून कुप्रसिद्ध होते. सिंकोनाच्या सालीतून क्विनीन हे द्रव्य पेल्त्ये व काव्हांतू या फ्रेंच रसायनज्ञांनी १८२० मध्ये वेगळे केले होते. १८६० नंतर निलगिरी व दार्जिलिंग भागात सिंकोनाची लागवड सुरू झाल्यावर हिंदुस्थानातील फौजा व अधिकारी यांना क्विनीन अधिक सुलभतेने मिळू लागले. लंडनच्या इरॅस्मस बाँड याने वायुमिश्रित ‘टॉनिक’ पेयाचे एकस्व १८५८ मध्ये घेतले आणि श्वेप्स कंपनीने १८७० च्या सुमारास आपले ‘इंडियन’ क्विनीन टॉनिक बाजारात आणले. कडू क्विनीन गिळता यावे म्हणून साहेबांनी त्यात जिन मिसळली व जिन-टॉनिक हे पेय जन्मास आले, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. उपलब्ध पुराव्याशी ती नीटशी जुळत नाही. या पेयाचा सर्वांत जुना ज्ञात छापील उल्लेख १८६८ चा असून तो हिंदुस्थानातील घोड्यांच्या शर्यतींच्या वृत्तान्तात येतो, औषधाच्या नव्हे. मात्रेचे गणितही विरुद्ध जाते. आजच्या टॉनिकमध्ये लिटरमागे ८३ मिग्रॅ. पेक्षा अधिक क्विनीन नसावे, असा अमेरिकेतील नियम आहे. हिवतापावरील प्रौढ व्यक्तीची दिवसाची मात्रा सु. १,८०० मिग्रॅ. धरली, तर ती पुरी करण्यास वीस लिटरहून अधिक टॉनिक प्यावे लागेल. जुन्या टॉनिकमध्ये क्विनीन अधिक असले, तरी पेल्याने ताप बरा झाला असता असे नाही. क्विनीनची पूड वा गोळी हे औषध होते आणि जिन-टॉनिक ही संध्याकाळची करमणूक होती. बर्फ, कागदी लिंबाची फोड आणि एक भाग जिनला दोन ते तीन भाग टॉनिक हे त्याचे परिचित मिश्रण होय. त्यास लागणारे बाटलीबंद पेय व बर्फ देशाच्या आतील भागात पोहोचविण्याचे काम रेल्वेने केले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६० च्या दशकात खानदेशातून पुढे गेली व भुसावळ हे तिचे मोठे केंद्र बनले.

या दोन पेयांची तुलना कुतूहलापुरती मर्यादित नाही. दोन्ही मद्ये वनस्पतींच्या गुणाची, दोन्हींना तापावरचा उतारा म्हणून प्रतिष्ठा, दोन्ही पाहुणचाराचा भाग. फरक कायद्याने केला. विलायती मद्य ही आयात होणारी, जकात भरलेली वस्तू असल्याने ती घरी बाळगणे हा सभ्य गृहस्थाचा हक्क ठरला. मोहाचे फूल फुकट होते, भट्टीस मडक्याखेरीज खर्च नव्हता आणि म्हणूनच त्यातून कर वसूल करावयाचा, तर ते घराबाहेर काढणे भाग होते.

ब्रिटिशपूर्व काळातही कलालांकडून कर घेतला जाई. परंतु डोंगरातील घरगुती भट्टीपर्यंत सरकारचा हात पोहोचत नसे. कंपनी सरकारने प्रथम दारू गाळण्याचा व विकण्याचा मक्ता लिलावाने देण्याची पद्धत चालू ठेवली. मुंबईचा अबकारी कायदा (१८७८ चा पाचवा) झाला आणि चित्र पालटले. परवान्यावाचून मद्य गाळणे, विकणे व ठरावीक मर्यादेपलीकडे बाळगणे हे दंडनीय झाले. विखुरलेल्या भट्ट्या बंद करून सरकारी देखरेखीखालील मध्यवर्ती भट्टीतच मद्य काढावयाचे, त्यावर मद्यार्काच्या प्रमाणानुसार कर बसवावयाचा व ते परवानाधारक दुकानांतून विकावयाचे, ही पद्धत मुंबई इलाख्यात हळूहळू सर्वत्र आणण्यात आली. तिचा प्रमुख पुरस्कर्ता चार्ल्स प्रिचर्ड हा अधिकारी होता. शिंदी व ताडीच्या झाडांवर झाडपट्टी बसली. मोहफुलांवरही नियंत्रण आणावे, असा आग्रह धरला गेला व तीव्र विरोध होऊन अखेरीस १८९२ चा मोह कायदा ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांसाठी झाला. फूल हे गरिबांचे अन्न आहे, हाच विरोधकांचा मुख्य आधार होता.

या व्यवस्थेचे परिणाम दूरगामी झाले. भिल्लास स्वतःच्या झाडाच्या फुलांची दारू दुकानातून विकत घ्यावी लागली. फूल हंगामात कवडीमोलाने विकले जाई व त्याचेच मद्य कराची भर पडून परत येई. दुकानदार पुष्कळदा सावकारही असे. सुरतेच्या बाजूने पश्चिम खानदेशात आलेले पारशी दुकानदार व इतर व्यापारी यांच्या वहीत दारूची उधारी, धान्याची उधारी व व्याज एकत्र चढत गेले. त्याचबरोबर पिण्याचे स्वरूप बदलले. पूर्वी सणास, लग्नास व निवाड्यास बांधलेले आणि फुलांच्या साठ्याने मर्यादित झालेले मद्यपान दुकानामुळे वर्षभराचे व एकट्याचे झाले. सरकारचे हितसंबंधही त्यात गुंतले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबई इलाख्याच्या उत्पन्नात जमीन महसुलाच्या खालोखाल अबकारीचा क्रम लागे. १९१९ च्या सुधारणांनंतर हे खाते भारतीय मंत्र्यांच्या हाती आले, तेव्हा दारूबंदी केल्यास शाळांचा खर्च कोठून भागवावयाचा, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला.

आदिवासींनी या कोंडीतून काढलेला मार्ग अनपेक्षित होता. घरी दारू गाळण्याचा हक्क मागण्याऐवजी अनेकांनी दारूच सोडली. राजस्थान–गुजरातच्या सीमेवर गोविंद गुरूंच्या भिल्ल अनुयायांनी हा मार्ग आधीच धरला होता व त्याची परिणती १९१३ मधील मानगढच्या हत्याकांडात झाली होती. १९२२ मध्ये ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील कोळी वस्त्यांतून एक देवीची लाट निघाली व नाशिकच्या डोंगराळ मुलखातून पश्चिम खानदेश, डांग व सुरतेच्या बाजूस पसरत गेली. अंगात आलेल्या व्यक्तींच्या मुखातून देवीच्या आज्ञा ऐकल्या जात : दारू-ताडी पिऊ नये, मांस वर्ज्य करावे, रोज स्नान करावे, घर स्वच्छ ठेवावे. दक्षिण गुजरातेत पारशी दारूविक्रेत्यांकडे काम न करण्याचीही आज्ञा त्यात आली. काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी तिचा पुढे उपयोग करून घेतला. पण ही चळवळ त्यांनी सुरू केलेली नव्हती. डेव्हिड हार्डीमन या इतिहासकाराने १९८७ च्या आपल्या ग्रंथात ती आदिवासींचे स्वतःचे कर्तृत्व म्हणून मांडली आहे व हेच मत ग्राह्य वाटते.

खानदेशाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची चळवळ तळोदा तालुक्यात मोरवड (रंजनपूर) येथे उभी राहिली. संत गुलाम महाराज (गुल्या महाराज) यांनी आपल्या अनुयायांस दारू व मांस सोडण्याचा, स्वच्छ राहण्याचा आणि एकमेकांस ‘आप’ असे आदराने संबोधण्याचा उपदेश केला. ज्या समाजास गावोगाव एकेरी हाक मारली जाई, त्याने परस्परांस ‘आप’ म्हणणे ही लहान गोष्ट नव्हती. सोमवारी होणाऱ्या आरतीस सातपुड्याच्या दोन्ही बाजूंनी प्रचंड समुदाय लोटू लागला. १९३८ मध्ये गुलाम महाराजांचे निधन झाले व त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी कार्य पुढे चालविले. दारूची दुकाने ओस पडू लागली. मद्यपानाबद्दल भिल्लांस सदैव दोष देणाऱ्या सरकारला त्यांनी ते एकजुटीने सोडलेलेही परवडले नाही. जमावांवर निर्बंध आले आणि रामदास महाराजांना हद्दपार करण्यात आले. २ मार्च १९४३ रोजी तळोदा तालुक्यातील रावलापाणी येथे जमलेल्या त्यांच्या अनुयायांवर गोळीबार झाला व त्यात आदिवासी मृत्युमुखी पडले. निझरा नाल्याच्या परिसरातील या स्थळी आजही त्यांचे स्मरण केले जाते. १९४२ च्या आंदोलनाच्या इतिहासात नंदुरबारच्या शिरीषकुमाराचे नाव यथायोग्य आले. रावलापाणीस मात्र पुष्कळ काळ ओझरताच उल्लेख मिळाला.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने दारूबंदीचा मार्ग स्वीकारला. मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९ मध्ये संमत झाला व १९५० पासून राज्यभर संपूर्ण दारूबंदी आली. तीत मोहफुले गोळा करणे, बाळगणे व त्यांची वाहतूक यांवरही नियंत्रण आले; ठाणे व कुलाब्यापुरती असलेली जुनी कल्पना आता व्यापक झाली. याच कायद्याखाली प्रकृतीच्या कारणासाठी मद्य घेण्याचे आरोग्य परवाने मिळत. त्यासाठी वैद्यकीय शिफारस, शुल्क व अर्ज लागे. साहजिकच ते शहरातील सुस्थित माणसाच्या उपयोगी पडत. जिनच्या औषधी गुणाची जुनी कथा अशा रीतीने कायद्याच्या पुस्तकात शिरली. सातपुड्यातील माणसास असा परवाना मिळण्याचा प्रश्नच नव्हता. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बलसारा खटल्यात मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने यांसंबंधीची काही कलमे अवैध ठरविली; कायद्याचा मुख्य भाग मात्र कायम राहिला.

दारूबंदीच्या वर्षांतच हातभट्टीचे पेव फुटले. ही हातभट्टी व मोहाची जुनी दारू यांत फरक करणे अगत्याचे आहे. चोरून व घाईने माल काढावयाचा असल्याने फुलांऐवजी काळा गूळ वापरात आला आणि सडवा लवकर चढावा म्हणून त्यात नवसागर टाकण्यात येऊ लागला. विषारी मिथिल अल्कोहॉलची भेसळ झाली, तेथे माणसे आंधळी झाली वा दगावली. ‘गावठी’ या एकाच शब्दाखाली दोन्ही मद्ये येऊ लागली व मोहाच्या दारूची उरलीसुरली प्रतिष्ठा गेली. १९६० नंतर दारूबंदी क्रमाने शिथिल झाली. १९७३ च्या देशी मद्यविषयक नियमांनी कारखान्यात तयार होणाऱ्या देशी दारूची विक्री नियमित केली. ही दारू साखर कारखान्यांच्या मळीपासून निघते. मळीच्या मद्यार्कास स्वतःची अशी चव नसल्याने तिला संत्र्याचा अर्क लावतात, आणि ‘संत्रा’ हा शब्द देशी दारूचा पर्यायच बनला. जुन्या मसाल्याच्या दारूतील संत्र्याची साल अशी टिकून राहिली. मोह मात्र गेला.

त्याच सुमारास शहादा परिसरात भूमिहीन व कर्जबाजारी आदिवासींचे आंदोलन उभे राहिले. अंबरसिंग सुरतवंती यांचे नेतृत्व व १९७२ मध्ये स्थापन झालेली श्रमिक संघटना यांमुळे जमिनी परत मिळविणे व सालदारांची मजुरी हे त्याचे मुख्य प्रश्न होते. शिबिरांतून बोलू लागलेल्या स्त्रियांनी त्यात आणखी एक प्रश्न आणला. पुरुषांची मजुरी दारूत जाते व घरी मारहाण होते, असे त्यांनी उघड सांगितले आणि १९७२–७३ मध्ये गावोगाव जथ्याने जाऊन दारूची मडकी फोडली. मारहाण करणाऱ्या नवऱ्यास चारचौघांत जाब विचारण्यात आला. यापूर्वीच्या लाटांत दारू सोडण्याची आज्ञा देवीची किंवा महाराजांची होती. येथे ती घरातील बाईची होती. फोडलेली मडकी पुष्कळदा आदिवासींच्याच घरची असत, हेही सांगितले पाहिजे. मोहाची दारू ही संस्कृतीची खूण आहे, असे मानणाऱ्या अभ्यासकांनी या घटनेचा पुरेसा विचार केलेला दिसत नाही. सणाच्या दारूत धार सोडणारी आणि भट्टी लावणारी स्त्रीच असते. रोजच्या दारूची किंमतही तीच मोजते. या दोन दारूंमधील भेद शहाद्याच्या स्त्रियांइतका नेमका कोणी ओळखला नव्हता. पुढे २००८ च्या तरतुदींनी गावातील निम्म्या स्त्री-मतदारांच्या मतावर दुकान बंद करण्याची सोय झाली आणि ‘उभी बाटली’ विरुद्ध ‘आडवी बाटली’ अशा मतदानाच्या रूपाने ती राज्यभर परिचित झाली.

अनुसूचित क्षेत्रांसाठी केलेल्या १९९६ च्या पेसा कायद्याने मादक द्रव्यांच्या विक्री-सेवनाचे नियमन वा बंदी करण्याचा आणि गौण वनोपजाच्या मालकीचा अधिकार ग्रामसभेकडे दिला. महाराष्ट्रात त्याचे नियम २०१४ मध्ये झाले. २००६ च्या वनहक्क कायद्याने मोहफुलासह गौण वनोपज गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क मान्य केला. तरी दारूबंदी कायद्यातील मोहफुलांवरील निर्बंध कागदोपत्री उभेच होते. महाराष्ट्र शासनाने ते २०२१ मध्ये उठविले. दारू गाळण्यास परवान्याची अट मात्र कायम राहिली. नर्मदेपलीकडे मध्य प्रदेशाने २०२१ मध्ये मोहाच्या मद्यास वारसा मद्याचा दर्जा देण्याचे धोरण जाहीर केले व अक्राणीस लागूनच असलेल्या अलीराजपूर जिल्ह्यात आदिवासी बचत गटामार्फत ते बाटलीबंद करून शहरांत विक्रीस आणले. शहरी उपाहारगृहांत मोहाचे मद्य टॉनिक व लिंबू घालून दिले जाऊ लागले आहे.

सातपुड्याच्या पायथ्याशी मोहफुलांचा व्यापार जुन्याच चालीने होतो. चैत्रात धडगाव व मोलगीच्या बाजारांत वाळलेली फुले व्यापाऱ्यांच्या काट्यावर येतात. साठवणीस जागा व हाती पैसा नसल्याने ती लगेच विकली जातात आणि पावसाळ्यात त्याच घरांना त्यांतली काही चढ्या भावाने परत विकत घ्यावी लागतात.